वोडाबे पशुपालकांचा गेरेवोल पाहायला जाण्यापूर्वी

माळवाट

वोडाबे हे फुलानी समाजातील भटके पशुपालक आहेत. नायजर, चाड, नायजेरियाचा उत्तर भाग, कॅमेरून आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांच्या सीमा ओलांडत, लांब शिंगांची आणि वशिंडाची तांबडी गुरे घेऊन ते फिरत असतात. चेहऱ्याला गेरू फासून, ओठ काळे करून, डोळे विस्फारून दात दाखवणाऱ्या त्यांच्या तरुणांची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्याखाली बहुतेक वेळा ‘पुरुषांची सौंदर्यस्पर्धा’ एवढेच लिहिलेले असते. ती ज्या मेळाव्यात काढलेली असतात तो गेरेवोल चाडमध्ये जाऊन पाहण्याची संधी मला मिळाली, आणि परतल्यापासून ओळखीचे लोक ‘कसे जायचे, कधी जायचे’ हेच विचारतात. त्याचे उत्तर या धाग्यात येईलच. मात्र गेरेवोल ही दोन भावक्यांची भेट आहे आणि तेथील शृंगार त्या भेटीच्या आत घडतो, हे समजून न घेता गेलेला प्रवासी एवढ्या लांबून येऊनही छायाचित्रात दिसते तेवढेच पाहून परततो, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवात ऋतूपासून करावी लागते. सहाराच्या दक्षिण काठाला लागून असलेल्या सहेलच्या पट्ट्यात पाऊस साधारण जूनअखेर सुरू होतो आणि सप्टेंबर संपता संपता ओसरतो. उरलेल्या कोरड्या महिन्यांत चारा विरळ असतो, विहिरीतून पाणी शेंदून गुरांना पाजण्यात दिवस जातो, दूध आटते आणि एकेक कुटुंब आपल्या कळपासह इतरांपासून दूर पांगलेले असते. पाऊस पडला, तळी भरली आणि गवत वाढले की मगच अनेक कुटुंबांना एका जागी राहणे परवडते. तेव्हा भावकीची वार्षिक बैठक भरते; तिला वोर्सो म्हणतात. वर्षभरात जन्मलेल्या मुलांची नावे, ठरलेले विवाह, गुरांचे आणि माणसांचे जुने हिशेब हे सारे तेथे मार्गी लागते. गेरेवोल त्यानंतर, पावसाळ्याच्या शेवटी होतो, आणि त्यात एक भावकी दुसरीला पाहुणी म्हणून बोलावते. यजमान बैल कापतात, पाहुण्यांना जेवू घालतात, आणि पुढे कधीतरी त्याच मानाने परतफेड होईल अशी अपेक्षा ठेवतात. हा मान राखला गेला नाही तर त्याची चर्चा अनेक वर्षे चालते.

आता विवाहाचा भाग. वोडाबे समाजात विवाहाचे दोन मार्ग आहेत. पहिला कोबगल. यात मुले लहान असतानाच, बहुधा चुलत घराण्यांत, वडीलधारी मंडळी सोयरीक ठरवतात. त्यामुळे गुरे आणि नाती भावकीतच राहतात. दुसरा तीगल. यात स्त्री स्वतःच्या पसंतीने दुसऱ्या भावकीतील पुरुषाबरोबर निघून जाते. ती अविवाहित असू शकते, तशीच विवाहितही असू शकते. आपल्याच भावकीतील पुरुषाची पत्नी अशी नेणे निषिद्ध मानले जाते, म्हणून तीगल घडायचा तर दोन वेगळ्या भावक्या एकत्र याव्या लागतात. गेरेवोल हेच त्याचे ठिकाण आहे. जी भावकी बैल कापून तुमचा मान राखते, तिच्याच तरुणांबरोबर तुमच्या घरची स्त्री रात्री निघून जाण्याची शक्यता असते, आणि दोन्ही बाजूंना हे ठाऊक असते. मेळाव्यात जो ताण जाणवतो तो यातून येतो.

नाचांचे प्रकार वेगवेगळे आहेत. संध्याकाळी आणि रात्री रूमे चालतो. त्यात पुरुष वर्तुळ करून सावकाश फिरतात, गातात, आणि तरुणी भोवताली उभ्या राहतात. याके हा मोहकतेचा नाच आहे. त्यात चेहऱ्यावर पिवळसर पूड लावलेली असते, कपाळापासून हनुवटीपर्यंत नाकावरून एक फिकट रेघ ओढलेली असते, जेणेकरून नाक लांब आणि सरळ दिसावे. डोळ्यांत काजळ घालतात, ओठांना काळा रंग लावतात, आणि पायांच्या चवड्यांवर उंच होत, गाल थरथरवत, बुबुळे फिरवत डोळ्यांचा आणि दातांचा पांढरेपणा दाखवतात. प्रत्यक्ष गेरेवोल हा सर्वांत कसदार नाच. तेथे फार थोडे पुरुष उतरतात, चेहरे गेरूने लाल केलेले असतात, डोक्यावर शहामृगाचे पीस उभे असते, छातीवर मण्यांच्या माळा आणि कवड्या असतात. ढोल किंवा कोणतेही वाद्य नसते. टाळ्या, पायांचा ठेका, घोट्यांतील कड्यांचा नाद आणि एकाच सुरावर लांबवत नेलेले समूहगान एवढ्यावर तासन्‌तास नाच चालतो. वृद्ध स्त्रिया रांगेसमोरून फिरत कमी पडणाऱ्याची उघड थट्टा करतात आणि चांगल्या नाचणाऱ्याला चेव आणतात.

निवड करणाऱ्या तरुणी दुसऱ्या भावकीच्या, आणि बहुधा पूर्वी निवडल्या गेलेल्या पुरुषांच्या घरच्या असतात. त्या आधी गुडघे टेकून बसतात, चेहऱ्याशी हात धरून नजर झाकतात आणि आडून पाहतात. वोडाबे आचारात लज्जेला, त्यांच्या भाषेत सेमतेंदेला, फार मोठे स्थान आहे. टक लावून पाहणे हा त्या आचाराचा भंग ठरतो. मग एकेक तरुणी उठते, अतिशय सावकाश चालत रांगेकडे जाते आणि हाताच्या एका हालचालीने आपला पुरुष दाखवते. विजेत्याला कोणतेही बक्षीस मिळत नाही. त्याचे नाव मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत सांगितले जाते.

प्रवाशाला दिसते ते एवढेच. खरी बोलणी, खुणा आणि निरोप दिवसाच्या गर्दीत डोळ्यांच्या कडांनी होतात आणि भेटी रात्री, वस्तीपासून दूर झुडपांत होतात. त्या पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. अंधारात दिवा किंवा फ्लॅश घेऊन फिरणे हे तेथे फार मोठे असभ्य वर्तन आहे.

निळाई

लेख अत्यंत आवडला. एक शंका आहे. अनेक ठिकाणी ‘जगातील एकमेव समाज, जेथे स्त्रिया पुरुष निवडतात’ अशा थाटात गेरेवोलचे कौतुक वाचायला मिळते. लहानपणीच ठरवलेला विवाह हाही त्याच समाजाचा नियम असेल, तर ही निवड कितपत खरी म्हणायची? आणि निघून गेलेल्या स्त्रीच्या मुलांचे काय होते?

माळवाट

आपण अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. निवड खरी आहे, आणि तिची किंमतही खरी आहे. तीगलने निघून जाणाऱ्या स्त्रीला पहिल्या विवाहातील मुले मागे ठेवावी लागतात. ती पित्याच्या भावकीची मानली जातात. पहिला पती शोधत येऊन तिला परत नेऊ शकतो. नव्या घरी पशू कापून त्याचे मांस वाटले गेले की नव्या विवाहाला मान्यता मिळते, त्यामुळे निघून जाण्याची वेळ, दिशा आणि सोबत यांची आखणी फार काळजीपूर्वक केलेली असते. कोबगलच्या पत्नीला घरात जे ज्येष्ठत्व असते ते तीगलने आलेल्या स्त्रीला सहज मिळत नाही. वोडाबे मुस्लिम आहेत आणि पुरुषाला चार पत्नी करता येतात. स्त्रीला एका वेळी दोन पती करता येत नाहीत.

तरीही अविवाहित मुलीला तेथे जी मोकळीक आहे आणि नको असलेला विवाह सोडून जाण्याचा जो मान्य रस्ता विवाहित स्त्रीला आहे, तो आसपासच्या अनेक स्थायिक समाजांत नाही. त्याच कारणाने इतर फुलानी त्यांना फारसे धार्मिक मानत नाहीत. १८०४ मध्ये उस्मान दान फोदियो यांच्या नेतृत्वाखाली फुलानींचा जो धर्मयुद्धाचा काळ सुरू झाला आणि आजच्या उत्तर नायजेरियात सोकोतोची सत्ता उभी राहिली, त्यानंतर शहरी फुलानी आणि कळपांमागे राहिलेले वोडाबे यांच्यातील अंतर वाढत गेले. तेव्हा ‘स्त्रीराज्य’ हे वर्णन चुकीचे आहे, आणि ‘केवळ दिखावा’ हेही चुकीचे आहे.

दुधाणी

मी कामानिमित्त काही काळ चाडच्या राजधानीत, न्जामेनात, राहत होते आणि दुर्बालीच्या बाजूला अशा मेळाव्याला जाऊन आले आहे. पुरुषांच्या नाचाकडे सगळे कॅमेरे वळलेले असतात, म्हणून स्त्रियांच्या बाजूबद्दल थोडे लिहिते.

वोडाबे वस्तीत वासरांची दावण हा घराचा कणा असतो. जमिनीलगत ताणलेल्या एका लांब दोरीला वासरे बांधलेली असतात. तिच्या पूर्वेचा भाग स्त्रियांचा आणि पश्चिमेचा पुरुषांचा. स्त्रीचा पलंग, तिची भांडी, तिचे दूध हे सारे पूर्वेकडे असते. भिंती नसतात, पण कोणी कोठे जावे हे या दोरीने ठरते, आणि पाहुण्यानेही ते पाळायचे असते. स्त्री प्रवाशाला पूर्वेकडे बसायला बोलावले जाण्याची शक्यता अधिक असते. मला बोलावले गेले तेव्हा कोरीव नक्षीचे तुंबे, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याची भांडी, एकावर एक रचून मांडलेले होते. हे तुंबे विवाहित स्त्रीची प्रतिष्ठा असतात. त्यातले बरेचसे ती कधी वापरतच नाही, फक्त वर्षातून एकदा मांडते. पुरुषांचे देखणेपण रांगेत उभे असते, तसेच स्त्रियांचे येथे मांडलेले असते, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट या समाजातील शृंगार समजून घेताना लक्षात ठेवावी. पहिल्या बाळंतपणासाठी स्त्री माहेरी येते आणि मूल अंगावरून तुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षे, तेथेच राहते. त्या काळात पतीने तिला भेटणे किंवा तिच्याशी बोलणे वर्ज्य असते. पहिल्या मुलाचे नाव आईवडील उच्चारत नाहीत. प्रेम जाहीरपणे दाखवणे हे ज्या समाजात एरवी इतके बंद केलेले आहे, तेथे वर्षातून काही दिवस चेहरा रंगवून, डोळे फिरवून सगळ्यांसमोर स्वतःला दाखवणे किती विलक्षण असेल याची कल्पना यावरून यावी.

भाषेबाबत: चाडमध्ये फ्रेंच आणि अरबी या अधिकृत भाषा आहेत, बाजारात चाडी अरबी चालते आणि वोडाबे आपापसांत फुलफुल्दे बोलतात. इंग्रजीचा उपयोग जवळजवळ शून्य. फुलफुल्दे जाणणारा दुभाषा नसेल तर जाऊ नये, असे मी म्हणेन.

खिल्लारी

आमचे घराणे धनगरांचे. दसऱ्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तेथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जातो. भंडाऱ्याच्या उधळणीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यापासून मोठमोठे कॅमेरे घेतलेल्या माणसांची गर्दी वाढत गेली आहे. त्यातले अनेक जण सौजन्याने वागतात, पण देवाच्या वाटेत आडवे उभे राहणारेही असतात, आणि म्हातारी माणसे संकोचाने काही बोलत नाहीत. म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. वोडाबे लोकांना आपण तेथे हवे असतो का? त्यांना विचारले गेले होते का? आणि पैसे कोणाला मिळतात?

माळवाट

हा प्रश्न या धाग्यात यावा अशी माझी मनापासून इच्छा होती, आणि तो आपण विचारलात याचे मोल अधिक आहे.

आमच्या बाबतीत व्यवस्था अशी होती. न्जामेनातील आमच्या वाटाड्याने मेळाव्याच्या बऱ्याच आधी भावकीच्या प्रमुखाशी बोलून एक ठरावीक रक्कम सर्वांच्या वतीने दिली होती. ती कशी वाटायची हे त्यांनी ठरवायचे होते. त्याखेरीज कोणा व्यक्तीला छायाचित्रासाठी पैसे देऊ नयेत असे आम्हाला बजावले होते. हा आग्रह योग्य होता. इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात मुर्सी लोकांच्या वस्त्यांत एका छायाचित्राला इतके पैसे असा व्यवहार रुळला, आणि त्यातून दोन्ही बाजूंना कटुता आली. प्रवासी येताच माणसे अधिकाधिक विचित्र साज चढवून उभी राहू लागली. गेरेवोलला तसे होऊ नये. आमचा तळ वस्तीपासून अंतरावर होता, आणि काही वेळा ‘आता येऊ नका’ असा निरोप आला तेव्हा आम्ही गेलो नाही.

हवे असतो का, याचे एकच उत्तर नाही. तरुणांना आपले कौतुक झालेले आवडत होते, हे स्पष्ट दिसत होते. सौंदर्य दाखवणे हाच त्या दिवसांचा हेतू असल्यामुळे पाहणाऱ्याचे त्यांना वावडे नाही. मात्र एका वृद्धाने दुभाष्यामार्फत आम्हाला विचारले की तुमच्याकडे गुरे किती आहेत, आणि उत्तर ऐकून त्याला आमच्याबद्दल खरोखर कणव वाटली. आपण त्यांना पाहायला आलो तेव्हा तेही आपल्याला पाहत असतात आणि आपल्याबद्दल मत बनवत असतात.

प्रवाशांसाठी मुद्दाम नाच लावून देतो असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा, असे मी आवर्जून सांगेन. यजमान आणि पाहुणी अशा दोन भावक्या नसतील तर जे दिसते ते गेरेवोल नव्हे.

वाळूघड्याळ

नायजरमधील इन-गाल येथील मेळाव्याचा उल्लेख अजून आला नाही. अगादेझच्या पश्चिमेला असलेल्या त्या भागात जमीन आणि पाणी खारट आहे. पावसाळ्याच्या शेवटी सहारातील भटके तुआरेग लोक आपले उंट आणि वोडाबे आपली गुरे घेऊन तेथे येतात, कारण कोरड्या महिन्यांना तोंड देण्याआधी जनावरांना क्षार मिळावेत. ‘क्यूर साले’ (क्षारांचा उपचार) या फ्रेंच नावाने तो ओळखला जातो आणि बहुधा सप्टेंबरमध्ये होतो. सरकारने त्याला अधिकृत उत्सवाचे रूप दिल्यापासून तेथे मंत्र्यांची भाषणे, उंटांच्या शर्यती, लसीकरण आणि पशुवैद्यकीय शिबिरे असे सारे असते. वोडाबे तेथे नाचतात, पण ते व्यासपीठासमोरचे नाचणे असते. मला तरी त्यात गैर वाटत नाही. भटक्या लोकांना सरकारपुढे आपले गाऱ्हाणे मांडण्याची ती एक संधी आहे. मात्र भावकीच्या गेरेवोलशी त्याची गल्लत करू नये.

२६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली, आणि सशस्त्र गटांचा उपद्रव त्याआधीपासूनच होता. सध्या तेथे पर्यटनासाठी जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

माळवाट

पूर्णपणे सहमत आहे. म्हणूनच अलीकडे बहुतेक प्रवासी चाडकडे वळतात. तेथेही परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहूनच निर्णय घ्यावा. गुराखी आणि शेतकरी यांच्यात दक्षिण चाडमध्ये चाऱ्यावरून आणि पिकांच्या नुकसानीवरून रक्तरंजित संघर्ष होतात, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकल्यापासून पूर्व सीमेवर निर्वासितांचा प्रचंड भार आहे.

औषधपेटी

व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे वैद्यकीय बाजू लिहितो. पीतज्वराची लस अनिवार्य समजावी. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होते, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. लक्षात घ्या, ते केवळ चाडमध्ये शिरण्यासाठी लागत नाही. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून भारतात परतताना ते नसेल तर आपल्याला ६ दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तेथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

गेरेवोलचा हंगाम हाच तेथील मलेरियाचा कळस असतो. प्रतिबंधक गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्यात, आणि परतल्यावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत न चुकवता घ्याव्यात. परत आल्यावर ताप आला, तर आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे. वस्तीत कच्चे दूध प्रेमाने पुढे केले जाते. ते न उकळता पिणे वैद्यकीयदृष्ट्या मी सुचवू शकत नाही. ओठांना लावून मान राखावा आणि दुभाष्याकरवी कारण सांगावे.

निळाई

तारखा कशा ठरतात? नोकरीतून रजा काढायची तर निदान आठवडा तरी माहीत हवा.

माळवाट

हीच सर्वांत मोठी अडचण आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध एवढे सांगता येते. पुढचे पाऊस, चारा आणि दोन भावक्यांमधील बोलणी यांवर अवलंबून असते, आणि जागाही अखेरच्या दिवसांत बदलू शकते. मुंबईहून अदिस अबाबामार्गे न्जामेनाला जाणे तुलनेने सोपे आहे. तेथून आग्नेयेला दुर्बालीकडे जाणारा मार्ग मात्र पावसानंतर चिखलाचा होतो आणि गाड्या रुततात. म्हणून परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असे घ्यावे आणि हाताशी काही दिवस मोकळे ठेवावेत. नेमक्या दिवशी नेमका नाच दाखवण्याची हमी देणाऱ्या प्रवासकंपनीवर विश्वास ठेवू नये. वाट पाहण्याच्या दिवसांत सकाळी दूध काढणे, विहिरीवरची गर्दी आणि तरुणांचे तासन्‌तास आरशात पाहून चाललेले रंगकाम पाहायला मिळते. माझ्या मते ते दिवस नाचाच्या दिवसांइतकेच मोलाचे आहेत.

खिल्लारी

आपल्या उत्तराबद्दल आभार. शेवटचे एक विचारतो. १९६८ ते १९७४ आणि पुन्हा १९८४ च्या दुष्काळांत सहेलमधील कळपच्या कळप मेले असे वाचले आहे. ज्यांची गुरे गेली त्यांनी हा मेळावा कसा टिकवला?

माळवाट

अनेकांना तो टिकवता आला नाही. गुरे गेलेली कुटुंबे शहरांच्या कडेला आली. पुरुषांनी रात्रीच्या पहाऱ्याची कामे धरली, स्त्रिया इतर स्त्रियांच्या वेण्या घालून देऊ लागल्या किंवा झाडपाल्याची औषधे विकू लागल्या. बैल कापण्याची ऐपत नसलेली भावकी पाहुण्यांना बोलावू शकत नाही, त्यामुळे गेरेवोल थांबला की आधी गुरे संपलेली आहेत असे समजावे. याची दुसरी बाजू आम्हाला दुभाष्याने सांगितली. शहरात पहारा करणारे काही तरुण वर्षभर पैसे साठवून एखादी कालवड विकत घेतात आणि ती नातेवाइकांच्या कळपात सोडतात. सप्टेंबर आला की ते नोकरीतून निघतात, आपली पेटी उघडून मणी, कवड्या आणि पिसे काढतात आणि भावकी जेथे असेल तेथे पोचतात. रांगेत आम्ही ज्यांना पाहिले त्यांतले काही जण असेच आलेले होते.

दुधाणी

जाणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना: भेट न्यायची तर चहा आणि साखर न्यावी, तीही चांगली भरपूर, आणि ती प्रत्येकाच्या हाती न देता दावणीच्या पश्चिमेला बसलेल्या ज्येष्ठ पुरुषाकडे सोपवावी. मुलांना खाऊच्या गोळ्या वाटू नयेत. स्त्रियांच्या बाजूला बोलावणे आले तर तेथे वेगळी साखर द्यावी, कारण पश्चिमेकडची साखर पूर्वेकडे पोचेलच असे नाही.